शिमग्यानंतरचं माप

गेल्या मे महिन्यातला तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

जमिनीत मुरलेलं पेट्रोल भूजलात कुठवर पोचलंय ते शोधायचं आणि उपसून काढायचं, हे माझं काम. जागा कुडाळ आणि कणकवलीच्या मधली, महामार्गालगतचा एक पंप. टाकीकडून मशीनकडे जाणाऱ्या पाइपचा सांधा गळत होता. वहीत रोज थोडी घट दिसत होती आणि ती सरळ 'उडालं' म्हणून सोडून दिली जात होती. सांधा बदलला, पण तोवर किती गेलं ते कोणालाच सांगता येईना.

आमच्या आधी एका कंपनीने पाच बोअर मारून नकाशा केला होता. त्यानुसार जमिनीखालचं पाणी पंपाकडून खाली व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, जात होतं. वरच्या अंगाला, साठ मीटरवर, एका आजींची बाव, म्हणजे विहीर. ती नकाशात सुरक्षित. आदल्या सप्टेंबरात मी स्वतः तिचा नमुना घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची, म्हणजे पेट्रोलमधल्या कर्करोगकारक घटकाची, मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. आमच्या नमुन्यात बेंझिन सापडलंच नाही. मी 'बाधित नाही' असं लिहून सही केली. आजी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पावसात वास जाता रे झिला. शिमगो झालो काय परत येता." मी मान डोलावली आणि निघालो.

मे महिन्यात सकाळी सातला तीन नंबरच्या बोअरमध्ये प्रोब, म्हणजे पातळी मोजायची टेप, सोडला. टेपच्या टोकाला तेल लागलं की सलग सूर वाजतो, पाणी लागलं की तुटक. ८.६२ मीटरवर सलग, ८.७६ वर तुटक. म्हणजे पाण्यावर १४ सेंटिमीटर पेट्रोल.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असलं तरी त्याला वजन आहेच. ०.७४ घनतेचं १४ सेंटिमीटर पेट्रोल बोअरमधलं पाणी दहाएक सेंटिमीटर खाली दाबून ठेवतं. खरी पातळी हवी असेल तर ते दहा परत मिळवायला लागतात. जीपच्या बॉनेटवर वही ठेवून मी पाचही बोअरची पातळी मांडली. दुरुस्ती न करता तीन नंबरचं पाणी आजींच्या बावीकडच्या पाच नंबरपेक्षा चार सेंटिमीटर खाली होतं. दुरुस्ती केल्यावर सहा सेंटिमीटर वर. पाणी आजींकडेच चाललं होतं. जुन्या अहवालाच्या तक्त्यात तेलाची जाडी व्यवस्थित नोंदवलेली होती, फक्त हिशेबात कोणी घेतली नव्हती. हा आळस आहे, दुसरं काही नाही. आणि तो नकाशा न तपासता वापरणारा मी.

आमच्याकडे वरचा उतार पाहून भूजलाची दिशा ठरवणं मुळातच धोक्याचं. जांभा भोकांनी भरलेला. पाणी त्यातून सरळ खाली उतरतं, जांभ्याखालच्या चिकट पांढुरक्या मातीवर, शेडीवर, अडतं आणि शेडीच्या उताराने जातं. तो उतार वर उभं राहून दिसत नाही.

वाडीत पोचलो तर बावीवर दोरखंड बांधलेले. पावसाआधी गाळ काढायचा म्हणून दोन पोरगे उतरायच्या तयारीत, काठावर डिझेल इंजिन. मी ओरडलोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती तळाशी बसून राहते. गॅस मीटर दोरीला बांधून खाली सोडला. पेट पकडण्याच्या किमान प्रमाणाच्या २४ टक्के. १० टक्क्यांच्या वर माणूस उतरवत नाहीत. पोरगे हसत होते. आकडा बघून गप्प झाले. इंजिन मागे ओढून नेलं.

मृगाला तीन आठवडे होते. तीन नंबरमधून आणि बावीच्या पृष्ठभागावरून आम्ही १९० लिटर पेट्रोल काढलं, पिंपांत भरलं, घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पाठवलं. मग पाऊस लागला. पाणी काही मीटर वर आलं आणि तीन नंबरमध्ये तेलाचा सूर वाजेनासा झाला. ऑफिसमधून विचारणा, 'काम संपल्याचा अहवाल देऊया का?' पेट्रोल संपलेलं नसतं. पाणी चढताना ते जांभ्याच्या भोकांत पाण्याखाली अडकतं, वरून नवं पाणी येऊन उरलेलं पातळ करतं. पाणी उतरलं की ते पुन्हा सुटून बोअरमध्ये येतं. आजी हेच सांगत होत्या. मी अहवाल दिला नाही. कोकणात भर पावसातल्या एका नमुन्यावर जागा स्वच्छ ठरवायची पद्धत बंद व्हायला हवी.

यंदा शिमग्यानंतर गेलो. तीन नंबरमध्ये ३ सेंटिमीटर तेल. बावीत तवंग नाही, पण बेंझिन मर्यादेच्या चौपट. पंपवाल्यांचा टँकर एक दिवसाआड वाडीत येतो. आजी तो परड्यातल्या पिंपात भरून घेतात.

मी नमुन्याच्या बाटल्या खोक्यात लावत होतो. आजी पायरीवर बसल्या होत्या.

"तुळशीक तरी घालू?"

मी नाही म्हटलं.