कोजागिरीचं दूध अन् एसटीचा लाल रंग

कोजागिरीला दूध सगळेच आटवतात हो, पण आमच्या लेआउटच्या मंडळात दूध आटेस्तोवर जे भांडण चालते ते बाकी नागपुरात कुठं ऐकायला मिळणार नाही. भांडण कशाचं, तर एसटीचा खरा रंग कोणता याचं.

त्याला कारण आहे. आमचा लेआउट हिंगणा रोडकडला, अन् तिकडे एसटीची बॉडी बांधायची मोठी कार्यशाळा आहे, अख्ख्या महाराष्ट्रात अशा तीनच, दापोडी, चिकलठाणा अन् आपली हिंगण्याची. त्यामुळे प्लॉट पडले तेव्हा घेणारे निम्मे लोक एसटीचेच, कोणी ड्रायव्हर, कोणी कंडक्टर, एक काका गणेशपेठ स्टँडवर कंट्रोलर अन् माझे बाबा वर्कशॉपात पेंटला. लहानपणी बाबा घरी आले की आधी थिनरचा वास यायचा, मग बाबा दिसायचे, नखाच्या कडेला लाल रंग तर दिवाळीतही निघत नव्हता. अन् तसंही रंगावरून भांडायला नागपूरकराला शिकवावं लागत नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत वेगळी अन् पिवळी मारबत वेगळी असे दोन पुतळे मिरवणारं गाव आहे हे.

कार्यक्रम दरवर्षी तोच. गच्चीवर सतरंज्या, मुलींची भुलाबाईची गाणी, मग खाऊ ओळखायचा (डब्यात काय आहे हे पूर्ण लेआउटला दुपारपासून माहीत असते तरी सगळे मुद्दाम चुकीचं सांगतात), गरम सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), अध्यक्षांचं भाषण जे कोणी ऐकत नाही. अन् एकदा का कढई चुलीवर चढली की पुरुष मंडळी खुर्च्या ओढत तिकडे सरकतात अन् कोणीतरी काडी टाकतो, "आजकालच्या गाड्यांचा लाल काही लाल नाही बाप्पा."

बस, झालं सुरू. ड्रायव्हर काकांचं म्हणणं की असली लाल म्हणजे भिवापुरी मिरचीसारखी, लांबून डोळ्यात भरली पाहिजे. कंट्रोलर काका म्हणतात नाही जी, थोडी काळपट होती, तुम्ही स्टेअरिंगवर बसायचे, तुम्हाला बाहेरून गाडी दिसलीच कधी? याला उत्तर नसते, पण ड्रायव्हर काका गप्प बसत नाहीत.

एका वर्षी तर मजाच झाली. लेआउटमधल्या एका काकूंचे जावई पुण्याहून आले होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की एसटी मुळात लालच नव्हती. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी निघाली ती निळी होती अन् वरचा टप चंदेरी. "निळी एसटी? काय बोलता जावईबापू!" म्हणून सगळे त्यांच्यावर तुटून पडले, पण जावई खरं बोलत होते. तेव्हा बॉडी लाकडाची असायची, सीट काथ्याच्या. मग स्टीलची बॉडी आली, ती कोकणातल्या हवेत गंजायला लागली म्हणून 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं, अन् लाल रंग त्याच्या आसपास पक्का झाला.

त्यावर मंडळातले सगळ्यात जुने आजोबा खाकरले. त्यांच्या मते हे सगळं मुंबई-पुण्याचं पुराण. आपल्याकडे सीपी अँड बेरार या जुन्या प्रांताच्या काळात सीपीटीएस अन् पीटीएस होती, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस अन् प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस, इकडच्याच बस कंपन्या. मग 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला अन् या सगळ्या उलथापालथीत पीटीएस एसटीत जिरली. आजोबांकडे पीटीएसच्या गाडीसमोरचा एक फोटो आहे, दरवर्षी खिशातून निघतो, पण तो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रंगावर भांडायला मोकळं रान. आजोबा स्वतःच दोन कोजागिरींना दोन वेगळे रंग सांगून बसले आहेत, कोणी टोकत नाही.

मला विचाराल तर खरी गोष्ट माझी आजी सांगायची. तिला वाचता येत नव्हतं, काटोल रोडवरच्या फाट्यावर उभी राहायची, बोर्ड काय लिहिला तिला काय माहीत. लाल दिसली की हात वर. अन् 1982 च्या एशियाडनंतर ती हिरवी-पांढरी निमआराम गाडी आली ना, ती लांबून दिसली की आजीचा हात खाली, कारण ती फाट्यावर थांबणार नाही अन् थांबली तरी तिकीट जास्त. म्हणजे तिकीट किती, थांबणार की नाही, सगळं त्या रंगात लिहिलेलं होतं. आता येणारी गाडी कोणाची आहे हे ती अंगावर येईपर्यंत कळत नाही, अर्ध्या गाडीवर तर कोचिंग क्लासच्या पोरांचे फोटो असतात. 2014 ला नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस आली, तिला सगळे ग्रीन बसच म्हणायचे, ते बरं होतं, नाव अन् रंग एकच.

असो. एकदा कंट्रोलर काकांनी वाद कायमचा मिटवायचा म्हणून पेंटच्या दुकानातून शेड कार्ड आणलं अन् टॉर्च लावून सगळ्यांना एकेका लालवर बोट ठेवायला सांगितलं. जितके लोक तितके लाल. बाबा तोपर्यंत कढई ढवळत होते, ते म्हणाले, अरे एक लाल कधी होता? वर्कशॉपातून निघाली तेव्हाची वेगळी, नागपूरचे दोन उन्हाळे खाल्ल्यावरची वेगळी, अन् डेपोत कुठं घासली की तिथं जो डबा हाताशी असेल तो मारायचे. तुम्ही जी गाडी जास्त चालवली तिचा रंग तुमच्या डोक्यात बसला. बाबांचं मला शंभर टक्के पटलं. बाकी कोणाला पटलं नाही.

आता मंडळातले बरेच जण मुलांकडे वर्धा, अमरावतीला राहायला गेलेत, तरी कोजागिरीला येतात, अन् 2022 पासून पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट झाल्यापासून तर जास्तच येतात. काकूंनाही 2023 पासून अर्ध तिकीट. आले की पहिली बातमी तब्येतीची नाही, "कोणती गाडी मिळाली" ही. शिवशाहीनं आलेल्याला थोडे टोमणे बसतात.

मागच्या वेळी या भांडणात कढईकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही अन् दूध खाली लागलं, काकूंनी सगळ्यांना नीट सुनावलं. यावर्षी कमिटीनं ठराव केला आहे की दूध वाटून झाल्याशिवाय एसटीचं नाव काढायचं नाही. कंट्रोलर काकांनी ठरावाला पाठिंबा दिला अन् लगेच विचारलं, मग शेड कार्ड किती वाजता आणू?