संभाव्यतेचा गुणाकार आणि जांबोटीची बस

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बारावीत, पहिल्या चाचणीत संभाव्यतेचे तीन प्रश्न आले आणि माझे तिन्ही चुकले. आकडेमोड बरोबर होती. पण गुणायचं तिथं मी बेरीज केली होती, आणि सरळ गुणून चालणार नव्हतं तिथं गुणून मोकळी झाले होते.

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. तिथं संभाव्यता म्हणजे बहुतेक एक नाणं, एक फासा, नाहीतर पिशवीतला एक चेंडू. अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता, झालं उत्तर. बेळगावला कॉलेजात आले तसं पाठोपाठ काढलेले दोन पत्ते असलं सुरू झालं, आणि तेही इंग्रजीत. ‘इंडिपेंडंट’ आणि ‘म्युच्युअली एक्सक्लूझिव्ह’ हे दोन्ही शब्द मला एकाच अर्थाचे वाटायचे, एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना. वर्गात उठून विचारायचं धाडस होत नव्हतं.

चाचणीनंतर मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द मराठीत मांडले. परस्पर अपवर्जक (‘म्युच्युअली एक्सक्लूझिव्ह’), म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. एका नाण्यावर छापा पडला की काटा गेलाच. स्वतंत्र, म्हणजे पहिली घडो वा न घडो, दुसरीच्या शक्यतेत तसूभर फरक नाही. शेजारी शेजारी लिहिल्यावर दिसलं की हे शब्द जवळचे तर नाहीतच, उलट्या टोकांचे आहेत. छापा पडला की काट्याची शक्यता थेट शून्य होते. एक घटना दुसरीवर याहून जास्त अवलंबून कशी असणार? हे पान लिहायला मला अर्धा तास लागला असेल, पण माझा निम्मा गोंधळ तिथंच गेला.

दुसरी खोट मोजण्यात होती. दोन नाणी उडवून किमान एक छापा येण्याची शक्यता मी 2/3 काढली होती. दोन छापे, एक छापा एक काटा, दोन काटे अशा तीन शक्यता, त्यांतल्या दोन अनुकूल. मग एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी वेगळी नाणी घेतली. रुपयावर छापा नि पाचावर काटा हे एक, रुपयावर काटा नि पाचावर छापा हे दुसरं. शक्यता चार, उत्तर 3/4. पुढं वाचनात आलं की दालाँबेर या मोठ्या फ्रेंच गणितीनंही 1754 साली विश्वकोशातल्या लेखात याच प्रश्नाचं उत्तर 2/3 दिलं होतं. तेव्हापासून मी दोन वस्तू दिसल्या की आधी त्यांना वेगळी नावं देते, मग मोजते.

आता राहिला गुणाकार. काजूच्या पाच बिया घेतल्या, तीन बियांना आईच्या करंड्यातल्या कुंकवाची खूण केली आणि पाचही तांब्यात टाकल्या. एक काढून परत टाकली आणि पुन्हा एक काढली तर दोन्ही वेळा खुणेची येण्याची शक्यता 3/5 गुणिले 3/5, म्हणजे 9/25. परत टाकली नाही तर तांब्यात चारच उरतात, त्यांत खुणेच्या दोन. म्हणून 3/5 गुणिले 2/4, म्हणजे 3/10. पटत नव्हतं म्हणून पाच बियांच्या सगळ्या जोड्या मांडल्या. त्या दहा झाल्या आणि दोन्ही खुणेच्या तीनच. म्हणजे गुणायचं दोन्हीकडं असतं, पण दुसरा अपूर्णांक पहिली बी काढून झाल्यानंतरचा घ्यायचा.

पण बिया म्हणजे पुस्तकातलंच उदाहरण. माझ्या अंगात हे भिनलं ते बसमुळं. आमच्या गावातून आधी जांबोटीला यायचं आणि तिथून बेळगावची बस धरायची. पावसात हे कठीणच. मी एका महिन्यातले कॉलेजचे 25 दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. पहिली बस 20 दिवस वेळेवर आली. जांबोटीहून बेळगावची बस मला 19 दिवस मिळाली. दोन्ही जमले असे दिवस किती, हे आधी गुणून काढलं: 20/25 गुणिले 19/25, म्हणजे साधारण 15 दिवस. कॅलेंडरवर मोजले तर भरले 18.

मी दोनदा मोजले. आज्जा जोत्यावर बसून बघत होते. म्हणाले, “पहिली चुकली की दुसरी चुकतीच की. त्यात काय एवढं मोजायलीस?”

बरोबर तेच मी विसरले होते. पहिली वेळेवर आली त्या 20 दिवसांपैकी 18 दिवस दुसरी मिळाली, आणि उशीर झाला त्या पाचांत फक्त एकदा. 20/25 गुणिले 18/20 केलं की 18/25 येतं, कॅलेंडरशी जुळणारं. सूत्र आधीही पाठ होतं. दुसऱ्या बसची शक्यता मी पहिली विसरून काढली होती, एवढंच.

‘किमान एकदा’चं गणित त्यामानानं लवकर सुटलं. एकदाही न घडण्याची शक्यता काढायची आणि 1 मधून वजा करायची. फाशावर एका वेळी सहा न येण्याची शक्यता 5/6, चारही वेळा न येण्याची 5/6 चारदा गुणून 625/1296. म्हणून फासा चार वेळा टाकून किमान एकदा सहा येण्याची शक्यता 1 वजा 625/1296, म्हणजे 671/1296, निम्म्याहून थोडीशी जास्त. 1654 साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारामागं जुगाराचे असलेच प्रश्न होते, हे कळल्यावर मला या गणिताबद्दल फार आपुलकी वाटायला लागली.

वार्षिक परीक्षेत पत्त्यांचा प्रश्न आला होता. 52 पत्त्यांतून परत न ठेवता दोन काढायचे, दोन्ही काळे असण्याची शक्यता किती? 26/52 गुणिले 25/51, उत्तर 25/102. लिहिताना हात थांबला नाही.

यंदा धाकटा भाऊ दहावीला आहे. त्याच्या पुस्तकात दोन चेंडू पाठोपाठ काढायचं नाही, तरी परवा तोच तांब्या आणि काजूच्या बिया त्याच्यापुढं ठेवल्या आणि दोन्ही खुणेच्या येण्याची शक्यता काढ म्हटलं. त्यानं एक बी काढली, मुठीत धरली आणि माझ्याकडं बघितलं.

“अक्का, ही परत टाकू की हातातच ठेवू?”