‘इतर’ म्हणजे काय?

लेकीची शाळा पूर्णवेळ झाली, तिला सांभाळणाऱ्या मावशींचं काम संपलं. इतकं साधं कारण. पण मावशी ज्या एजन्सीतून आल्या, तिच्या फॉर्मवर ‘काम थांबवण्याचे कारण’ या रकान्यात चारच चौकटी: गैरवर्तन, अनियमितता, काम असमाधानकारक, इतर.

तीन वर्षं जिने माझं मूल सांभाळलं, तिच्या नावापुढे यातलं काय लावू? ‘इतर’वर खूण करून शेजारी ‘मूल मोठं झालं’ लिहिलं. फॉर्म परत! “मॅडम, इतर लिहिलं की पुढचे लोक शंका घेतात. असमाधानकारक टाका, कोणी बघत नाही.” कोणी बघत नाही, तर शंका कोण घेतं? यावर फोन ठेवला गेला. अकरा दिवस हेच. शेवटी ईमेल केला: काम उत्तम, तक्रार नाही, आमची गरज संपली, नोंद अशीच होईल हे लेखी कळवा, तोवर सही नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म आला, पेनाने पाचवी चौकट काढलेली. तो मी जपून ठेवलाय.

या भानगडीत मावशींनाच सांगायचं राहिलं. कागद झाले की सांगू, म्हणत बसले. चूक माझीच. “हल्ली फोन आला की आत जाऊन बोलता,” त्या म्हणाल्या, तेव्हा सांगितलं. लेक झोपली होती, आम्ही खेळणी आवरत होतो. त्यांनी हातातला ठोकळा डब्यात टाकला, परत बाहेर काढला. “पोरीला कोण सांगणार?”

तुमच्यावर ही वेळ आली, तर मावशींना महिनाभर तरी आधी सांगा, शिल्लक रजांचा हिशेब त्याच दिवशी कागदावर द्या. मुलाला मात्र आठवडाभर आधी पुरे. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय, ते त्याला कळत नाही. मावशी रागावून जात नाहीयेत, हे आम्ही लेकीला रोज सांगत होतो. आणि हो, मूल झोपलेलं असताना गुपचूप निरोप उरकू नका. ‘तुम्ही घरच्याच’ हे वाक्य मी गिळलं. घरच्यांना कोणी नोटीस देतं का?

अनुभवपत्र स्वतः लिहा. किती वर्षं, मुलाचं वय, कामं, थांबवण्याचं कारण, आपला नंबर. ‘स्वभाव प्रेमळ’ एवढ्यावर कोणी कामावर घेत नाही. मी वाचून दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, “ताप असला की औषधाची वेळ मी वहीत लिहायचे. ते राहिलं की.”

पत्र पुन्हा छापलं.