पलंगाला गादी मिळेना

आजोळचं घर विकायचं ठरलं तेव्हा मामाने विचारलं, "तुला काय हवंय?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "पलंग." आजीचा शिसवी पलंग. चार कोपऱ्यांना मच्छरदाणीचे खांब, उशाशी कोरलेले दोन मोर. देवरुखहून पुण्याला टेम्पोतून आणताना खांबांना ओरखडे पडू नयेत म्हणून मामाने आजीची जुनी कापसाची गादी टराटरा फाडून त्यात खांब गुंडाळले. त्याच्या या हुशारीचं मी तेव्हा कौतुकही केलं.

"रविवारी जाऊन गादी घेऊन येऊ," असं आम्ही भाजी आणायला निघाल्यासारखं म्हणत होतो. दुकानात कळलं की तयार गाद्या ७२, ७५ नाहीतर ७८ इंच लांब आणि ३६, ४८, ६०, ७२ इंच रुंद. आमचा पलंग आतून ७० बाय ४५. दुकानदाराने ३६ची दाखवली आणि म्हणाला, "उरलेल्या नऊ इंचांत लोड ठेवा ना, शोभून दिसेल." शिवाय ती दोन इंच लांबच होती!

मग ऑनलाइन. हव्या त्या मापाची गादी करून देणारे बरेच आहेत. मी पलंगाच्या मधोमध टेप धरला, आकडे भरले, जाडी आठ इंच निवडली आणि पैसे भरून मोकळी झाले. फोमची गादी लोडासारखी गुंडाळून आली, प्लास्टिक कापल्यावर फुगली, आणि पलंगावर टाकली तर चारही कोपरे पापडासारखे वर! कारण खांब आतल्या बाजूला दीड-दीड इंच येतात आणि मी माप घेतलं होतं मधोमध. त्यात पलंग मुळात बावीस इंच उंच. त्यावर आठ इंच म्हणजे बसल्यावर पाय लोंबकळायला लागले आणि मोरांचे फक्त तुरे तेवढे वर राहिले! खास मापाची गादी परत घेत नाहीत हे आधीच लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. ती गादी सध्या हॉलमध्ये जमिनीवर आहे आणि भाचरं तिच्यावर उड्या मारतात.

पलंगाचा एक खांब डुगडुगत होता म्हणून सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी न सांगताच माप घेतलं, तेही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. उशाशी रुंदी ४५ इंच ३ सूत, पायथ्याशी ४४ इंच ६ सूत. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका टेप धरला, दोन्ही बाजूंनी. पाऊण इंचाचा फरक. "हाताचं काम आहे, ताई. काटकोन कुठून असणार? कागद कापा आणि गादीवाल्याकडे न्या."

म्हणून वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवली, फळ्यांवर अंथरली, खांबांपाशी कोपरे कापले आणि एका टोकाला मार्करने ठळक लिहिलं, 'उशी'. ती घडी घेऊन गादी कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक गाळा, मागे पिंजायचं यंत्र, आणि मालकांच्या भुवयांवरसुद्धा कापूस. मी आधी काथ्याचा विषय काढला, कारण तो हवा तसा कापता येतो आणि कापसासारखा बसत नाही. ते म्हणाले, "देतो की. पण कोपऱ्यात कडक राहील, खांबाला घासेल. कापूस खांबाला वळसा घालतो." मग विचारलं, "जुनी गादी कुठाय? तिच्यावरूनच केली असती." मी टेम्पोची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. कापूस तरी आहे ना, एवढंच विचारलं.

होता. माळ्यावर दोन गोण्या भरून. वजन केलं, ९ किलो. पिंजल्यावर धूळ आणि चुरा जाऊन ६ उरला, पण काय फुलला होता! त्यात नवा १० किलो घातला. जाडी किती, यावर मात्र आमची घासाघीस झाली. मला मोर पूर्ण दिसायला हवे होते, म्हणजे चार इंच. "पाच भरतो," ते म्हणाले, "महिनाभर झोपलात की चार होईल. आणि रुंदीत अर्धा इंच कमी धरतो. कापूस बसतो तसा बाजूला पसरतो."

खोळ कागदावरून कापली, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची. भरून झाल्यावर पोरगा तिच्यावर काठीने दणादण मारत होता, कापूस सारखा व्हावा म्हणून. मग मालक स्वतः मांडी घालून बसले आणि हातभर दाभणाने टाके घालू लागले. दाभण वरून खाली, खालून वर, दोरा ओढला की तिथे खळी पडायची. मी तासभर बघत उभी होते. घरून दोन फोन येऊन गेले.

गादी पलंगात बसली ती अशी, की कडेला फक्त बोट जाईल एवढी फट. चादर खोचायला तेवढी लागतेच. एकच तक्रार, ती सोळा किलोंची आहे आणि उन्हात टाकायची म्हणजे दोघं लागतात. नवऱ्याची पाठ नेमकी त्याच दिवशी धरते. पहिल्यांदा उलटली तेव्हा खोळीच्या खालच्या बाजूला कोपऱ्यावर बॉलपेनने लिहिलेलं दिसलं: 'मोरवाला पलंग, कागद कारखान्यात आहे.'