जास्वंदीला कात्री कधी लावायची

आमच्या फोंड्याच्या घरी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून एक तांबडी जास्वंद आहे. साधी, पाच पाकळ्यांची. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ती तिथेच होती म्हणे. तिला कोणी विचारत नाही आणि ती रोज दहा-पंधरा फुलं देते. आणि माझ्या कौतुकाच्या कुंडीतल्या दोन जास्वंदी, ज्यांना मी रोज पाणी, दर पंधरा दिवसांनी खत, दुपारचं ऊन लागू नये म्हणून व्हरांड्यात जागा असं सगळं केलं, त्या दोन वर्षं नुसती पानं देत बसल्या. पानं मात्र अशी की पाहुणे विचारायचे, हे कसलं शोभेचं झाड?

चूक माझीच होती, आता कळतंय. जास्वंदीला सरळ ऊन लागतं, दिवसाचे पाच-सहा तास तरी. व्हरांड्यात ती जगते पण फुलत नाही. दुसरं म्हणजे खत. मी युरिया घालत होते, कारण पानं पिवळी दिसली की सगळे तेच सांगतात. युरिया म्हणजे नुसता नायट्रोजन, त्याने पाला वाढतो, कळ्या नाहीत. कळ्यांसाठी पोटॅश हवं, आणि ते आमच्या घरी न्हाणीच्या चुलीत रोज तयार होत होतं नि मी ते उकिरड्यावर टाकत होते! लाकडाची राख, बुंध्यापासून वीतभर लांब, महिन्याला एक मूठ. आपली जांभ्याची माती आंबट, तिला एवढी राख चालते, पण कुंडीत हात आखडता ठेवा, राख जास्त झाली तर लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाकी जुनं शेणखत. बस.

पण खरी गोष्ट कापण्याची. मला झाड कापायला जीव होत नाही. सासूबाई गेल्या वर्षी मे महिन्यात कोयती घेऊन आल्या, मी म्हटलं, आई नको, कळ्या आल्यात दोन, तर म्हणाल्या, "तें मरना गो, काप." आणि कापलंच की. चार फुटांचं झाड अडीच फुटांवर आणलं, कट तिरपा, डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, म्हणजे पाणी घसरून जातं आणि कापलेलं टोक कुजत नाही. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फांदीवर, जुन्या लाकडावर नाही. कापलं की एका टोकाच्या जागी तीन-चार धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या शेंड्याला कळ्या. कापल्यापासून फुलापर्यंत साधारण अडीच-तीन महिने धरायचे. आता हिशेब करा, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, म्हणजे कापायचं मे संपायच्या आत. आणि पाऊस लागायच्या आधी कापलेलंच बरं, जूनमध्ये तो एकदा सुरू झाला की कोरडा दिवस मिळत नाही. सासूबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं, गणपतीला रोज एकवीस तांबडी फुलं लागतात आणि ती स्वतःच्याच झाडाची हवीत, एवढ्यावरून त्यांनी हा काळ बसवलाय.

कापलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालची पानं काढून पहिल्या पावसात गडग्याच्या कडेला खोचायच्या. आमच्या अकरातल्या सात लागल्या.

मधे एक फजिती पण झाली. एका नर्सरीतून नारंगी हायब्रीड आणली, ताटलीएवढं फूल, बघून वेडीच झाले मी. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गोळ्यासकट कुंडीत ठेवली, जुलैत पाऊस आठ-आठ दिवस थांबेना, तो गोळा स्पंजासारखा ओला तो ओलाच. वरून पानं कोमेजली म्हणून मी अजून पाणी घातलं (हो, पावसात!). उपटून बघितलं तर मुळं काळी, वास येत होता. आता नवीन झाड आणलं की कोकोपीट जेवढं झटकता येईल तेवढं झटकते, माती, शेणखत आणि जांभ्याची खडी मिसळते, आणि कुंडी दोन विटांवर ठेवते.

आणि हो, पिठ्या ढेकूण. शेंड्यावर पांढरा कापूस दिसला आणि फांदीवर मुंग्यांची रांग लागली की समजायचं. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि त्यांना सांभाळतात, म्हणून नुसते ढेकूण पुसून भागत नाही, मुंग्यांची वाट पण तोडावी लागते. मी जुन्या टूथब्रशने घासते, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून फवारते, संध्याकाळी, उघडीप बघून, आठवड्याने परत. शेंडा फारच वाकडातिकडा झाला असेल तर सरळ कापून जाळायचा. कळ्या पिवळ्या होऊन गळत असतील तर आधी पाणी बघा, एप्रिलमध्ये कुंडी एक दिवस जरी कडक सुकली तरी गळतात.

सासूबाईंची अजून एक गंमत. त्या फुललेली फुलं काढतच नाहीत. आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन जातात आणि फुगलेल्या, पाकळ्यांचं तांबडं टोक बाहेर डोकावणाऱ्या कळ्या तेवढ्या काढून पितळी ताटात ठेवतात. सकाळी पूजेच्या वेळेला ताटातच फुललेल्या असतात, पाणी लागत नाही, पावसाने पाकळ्या फाटत नाहीत आणि सकाळी सूर्यपक्षी येऊन देठाकडे भोकं पाडायच्या आधी फूल घरात.

काल त्यांनी मला टॉर्च दिली. कुंडीतल्या माझ्या झाडावर नऊ कळ्या निघाल्या. मी सहा काढल्या, तीन पक्ष्याला ठेवल्या, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री ताटात मोजल्या तर नऊ होत्या.