वादळ, पण वाळवण राहू द्या

२०२४च्या मे महिन्यातली रणरणती दुपार. मोबाइलवरची बातमी मी मोठ्याने वाचली, "पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ." गच्चीच्या दाराशी उभ्या आईने कुरडयांकडे बघत विचारलं, "मग वाळवण आत घ्यायचं का?"

प्रश्न रास्तच होता. या वादळात झाडाचं पानही हलत नाही, हलते ती फक्त चुंबकाची सुई. मग त्याला वादळ का म्हणायचं?

हे नाव जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टचं. बर्लिनमध्ये रात्र रात्र जागून तो टांगलेल्या चुंबकसुईची नोंद ठेवायचा, दर अर्ध्या तासाने. (घरच्यांनी काय म्हटलं असेल!) १८०६च्या डिसेंबरात एका रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला आणि सुई सैरभैर झाली. त्याने तिच्या या थयथयाटाला गडगडाटी वादळाचं नाव दिलं. सूर्याकडून भारित कणांचे लोट येऊन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला ढुशा देतात, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. तोवर नाव रुळलं होतं.

आमचं चुंबकज्ञान मोडक्या रेडिओच्या स्पीकरपुरतं. सुट्टीत रत्नागिरीला मामाकडे गेलो की तो चुंबक काळ्या वाळूत फिरवायचा. चुंबकाला काळ्या कणांच्या मिशा फुटायच्या. त्या निघता निघायच्या नाहीत, नखं काळी व्हायची, मामी जेवायला बसू द्यायची नाही. शेवटी मामेभावाने शक्कल काढली: चुंबक कागदात गुंडाळायचा, कागद सोडवला की कण आपोआप खाली. केवढी डबी भरली होती! त्या डबीचं पुढे काय झालं, कोण जाणे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने १८५९चं गाजलेलं चुंबकीय वादळ टिपलं होतं. पुढे घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. विजेच्या तारांशेजारी नाजूक सुया काय मोजणार? म्हणून कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला थाटली. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण तिथे लोखंड चालणारच नव्हतं. ती अजून समुद्राजवळ उभी आहे, आणि शेजारून आपण भेळ खात किल्ल्याकडे जातो.

तर सूर्याने पृथ्वीला धक्का दिला की आपल्याकडे तो अलिबागला नोंदला जातो. आणि आपण मात्र उठसूट विचारणार, "मी काय अलिबागहून आलोय?"