हेड खोला म्हणे! गाडी तापण्याचा माझा अनुभव

आमची गाडी 2008 ची, पेट्रोल. हिंगणघाटहून आत गाव आहे, त्यामुळे वावर, शाळा, बाजार आणि महिन्यातून दोनदा नागपूर एवढंच तिचं काम. मार्चमध्ये नागपूरला निघालो तर जाम चौरस्ता पार होत नाही तोच सुई लाल पट्टीकडे. एसी बंद केला, थोडी उतरली. मग बुटीबोरीपर्यंत काचा खाली करून, घामाघूम. (अशा वेळी हीटर फुल्ल सोडा, वेडेपणा वाटते पण इंजिनची गरमी आत येते अन् सुई खरंच उतरते. घरची मंडळी बोलतील, बोलू द्या.)

दुसऱ्या दिवशी गाडी ग्यारेजात. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं अन् म्हणे, "हेड ग्यासकिट गेलं भाऊ. हेड खोला लागन. पंधरा हजार पकडून चाला." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्या अन् खालच्या ब्लॉकच्या मधली सील म्हणजे ग्यासकिट.)

आता मी काही मिस्त्री नाही, पण सकाळीच इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली होती. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं नव्हतं, मागून पांढरा धूर नाही, बाटलीतलं पाणीही कमी होत नव्हतं. ग्यासकिट गेलं की यातलं काहीतरी बहुतेक दिसतेच. तेवढंच सांगितलं त्याला. तर म्हणे, "मास्तर, तुम्ही पोरं शिकवा, गाडी आमच्यावर सोडा."

सोडली. अकरा दिवस! पहिल्या दिवशी म्हणे संध्याकाळी या. मग पोरगा लग्नाला गेला. मग लाइन नाही. मग "सामान नागपूरवरून येऊन राहिलं". कोणतं सामान, तर "तेच ना भाऊ". मी रोज शाळा सुटली की लाल डब्ब्यानं हिंगणघाटला जायचो, तिथं स्टुलावर बसायचो, गाडी तिकडं लिंबाच्या झाडाखाली, टपावर पाखरांची घाण, बोनेटला हातही लागलेला नाही, आणि माझ्यानंतर आलेल्या तीन गाड्या धुऊन पुसून निघून गेलेल्या. हेड खोलायला मी हो म्हणत नव्हतो म्हणून ही शिक्षा, हे मला सातव्या-आठव्या दिवशी उमजलं. अकराव्या दिवशी पाणी बदललं, नवं झाकण लावलं, बाराशे घेतले अन् वरून म्हणे, "आता नाही तापत." रविवारी नागपूरला निघालो. जाम चौरस्ता, सुई वर.

झाकणावरून आठवलं, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. त्यावर 0.9 असं काहीतरी लिहून असते, तेवढा दाब ते धरून ठेवते म्हणून आतलं पाणी शंभर डिग्रीलाही उकळत नाही. झाकण फिरवलं की तोच दाब तोंडावर.

खरं दुखणं सापडलं ते गावातच. गव्हाच्या कापणीला हार्वेस्टर आलं होतं, त्याचा ड्रायव्हर रोज मशीनच्या रेडिएटरची जाळी हवा मारून साफ करायचा. त्याला सहज गाडीचं सांगितलं. त्यानं पहिले विचारलं, गाडी उभी कुठं राहते? म्हटलं, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून, आमचं घर समोरच आहे. त्यानं इंजिन तापू दिलं, पंखा लागल्यावर माझ्या वहीचं एक पान फाडून समोरच्या जाळीला लावलं. पान चिकटायला पाहिजे होतं, ते सरळ खाली पडलं. पंखा गरगर फिरून राहिला अन् हवा आत जाऊनच नाही राहिली!

गाडी थंड झाल्यावर वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर मागं कलवला. समोर एसीची जाळी, ती स्वच्छ. तिच्या अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत मात्र रुई, धूळ, मेलेले किडे, सगळ्याची घट्ट लादी. उशी भरली असती. समोरून टॉर्च मारला तरी हे दिसत नाही, मधेच पाहा लागते. इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या हातानं पाणी मारून काढलं. वॉशिंगवाल्याची जोराची धार नका मारू, त्या पातळ पट्ट्या आडव्या होतात. तास-दीड तास लागला, त्या माणसानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

एप्रिलच्या उन्हात एसी लावून नागपूरला गेलो, सुई मध्यावरही नाही. पहिले आनंद झाला, मग शंका आली. सकाळी सहाला निघालो तरी बराच वेळ सुई तळालाच, अन् ॲव्हरेज सोळावरून तेरावर. खोलून पाहिलं तर थर्मोस्टॅटच गायब! (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह.) मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "तो थंड देशासाठी राहते, आपल्या इकडं काय काम त्याचं? सगळ्यांचाच काढतो मी." अरे, न विचारता? त्याच्याशिवाय इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खाते, अन् काही गाड्या तर त्यानं उलट जास्त तापतात. जुना परत मागितला तर म्हणे भंगारात गेला.

नवा आणला, बसवायच्या आधी पाण्याच्या गंजात (पातेल्यात) टाकून गॅसवर ठेवला. त्याच्यावर 82 (डिग्री) लिहिलेलं होतं, पाणी उकळायच्या आधीच उघडला, म्हणजे चांगला. कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं टाकलं, बोअरचं पाणी बंद, आमच्या बोअरनं गंजाला पांढरा थर येते तो रेडिएटरलाही येणारच.

तो गंज मात्र बायकोनं परत स्वयंपाकघरात घेतला नाही. डिक्कीत असते आता.